‘खोदचित्र’ म्हणावं की ‘लाकडी ठसा’?

कुतूहल: ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या 1860 नंतरच्या अंकांवर लेख लिहितेय. त्यात मोठमोठ्या लोकांचे जे रेघारेघांचे चेहरे छापलेत, त्यांना ‘खोदचित्र’ म्हटलं तर चालेल का?

शाईवाला: तांब्याच्या पत्र्यासाठी चालेल. तिथे कोरलेल्या खाचेत शाई भरतात, म्हणजे खोदलं तेच काळं उमटतं. इथे लाकडाच्या ठोकळ्यावर नेमकं उलट. कोरून काढलं ते पांढरं राहतं, उरलेला उंचवटा छापला जातो. म्हणून ‘लाकडी ठसा’. ठोकळ्याची उंची छपाईच्या खिळ्यांएवढी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांएवढी ठेवली की मजकूर नि चित्र एकाच फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत बसतं. हे साप्ताहिक 1842 साली निघालं ते याच सोयीच्या जोरावर.

कुतूहल: मग हा आणि ‘वुडकट’ एकच ना?

शाईवाला: नाही हो! वुडकट फळीवर सुरीने कापतात. हे काम बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या खोडाच्या आडव्या कापावर, बुरिन नावाच्या पोलादी हत्याराने चालतं. तिथे रेषा केसासारखी बारीक निघते. इंग्लंडात ही पद्धत टॉमस ब्यूइकने नावारूपाला आणली. गंमत म्हणजे बॉक्सवुडचं खोड बारीक, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी तुकडे मागून बोल्टांनी जोडायचे आणि घाई असली की वेगवेगळ्या कारागिरांना वाटून द्यायचे. भिंग लावून बघा, एखाद्या चित्रात सरळ पांढरी फट सापडेल. तो सांधा.

कुतूहल: सापडली! एका लॉर्डसाहेबांच्या खांद्यावरून गेलीय. आणि कोपऱ्यातल्या नावापुढचं ‘एससी’?

पानकोरडा: लॅटिन ‘स्कल्प्सिट’चं आखूड रूप, म्हणजे ‘याने कोरलं’. ‘डेल’ असेल तर तो रेखाटणारा. डॅल्झील बंधू किंवा ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा जोसेफ स्वेन, या कोरक्यांच्या सहीमुळे कित्येकांची फसगत होते, चित्रकार भलताच समजला जातो. शिवाय चेहरा बहुधा फोटोवरून घेतलेला असे, तेव्हा तिसरा मानकरी फोटोग्राफर.

कुतूहल: मग ओळ अशी देते: ‘छायाचित्रावरून कोरलेला लाकडी ठसा’. की सरळ ‘ब्लॉक’ लिहू? आपल्याकडे रुळलाय.

शाईवाला: पहिलंच ठेवा. आपल्या छापखान्यांत ‘ब्लॉक’ म्हटलं की जस्ताचा, हाफटोनचा (फोटो बारीक ठिपक्यांत फोडून छापायचा) ब्लॉक डोळ्यांपुढे येतो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कोरक्यांचा धंदा त्याच हाफटोनने बसवला.