सुपर: २०२०-२१ ची शिल्लक कॅप ३० जूनला जाणार, काय करू? (ऑस्ट्रेलिया)

मेलबर्नकर
पगार १,३०,००० डॉलर, सुपर (निवृत्ती निधी) वेगळं. एम्प्लॉयरचे १२ टक्के म्हणजे १५,६००. गेल्या ३० जूनला सुपरमध्ये २,१०,००० होते. मायगव्हवर (सरकारी पोर्टल) २०२०-२१ ची १६,४५० कॅप (कमी करात सुपरमध्ये टाकता येणाऱ्या रकमेची वार्षिक मर्यादा) शिल्लक दिसतेय, ती ३० जून २०२६ नंतर बाद. हाताशी २०,००० आहेत, जास्त नाहीत. सगळे टाकावेत का? घराचं कर्ज चालू आहे.

पार्रामाटाकर
सरळ ३०,८५० टाका. यंदाची (जुलै २०२५ ते जून २०२६) कॅप ३०,०००, त्यातून १५,६०० गेले, राहिले १४,४००. अधिक जुने १६,४५०. बुडालेली कॅप परत मिळत नाही.

चहाबाज
अहो, ते २०,००० म्हणालेत! आणि क्रम बघा: आधी यंदाचे १४,४०० भरतात, मगच सर्वात जुन्या वर्षाला हात लागतो. २०,००० टाकले तरी २०२०-२१ मधले ५,६०० च वापरले जातील, १०,८५० जाणारच. १४,४०० च्या आत काहीही टाका, जुनी कॅप तशीच बुडते.
फायदा म्हणाल तर तुमचा स्लॅब ३० टक्के, वर मेडिकेअरचे (सरकारी आरोग्यसेवेचा कर) २. म्हणजे २०,००० वर ६,४०० टॅक्स वाचतो, पण फंडात १५ टक्क्यांनी ३,००० कापले जातात. निव्वळ ३,४००.

खारीबिस्किट
पैसे भरून काम संपत नाही, हे कृपया लक्षात ठेवा. फंडाला नोटिस ऑफ इन्टेंट (या पैशांवर वजावट घेणार असल्याची सूचना) द्या, त्यांची लेखी पोच येऊ द्या, मगच रिटर्न भरा. रिटर्न आधी भरलं तर वजावट गेली. ते पैसे नॉन-कन्सेशनल (करसवलतीविना भरलेले) धरले जातात. फंड बदलायचा असेल तर तोही पोच आल्यावरच, कारण पैसे हलले की जुना फंड पूर्ण रकमेची नोटिस घेत नाही. कॅरी फॉरवर्डसाठी (जुन्या वर्षांची शिल्लक कॅप वापरण्यासाठी) मात्र वेगळा अर्ज नाही, एटीओ (इथलं कर खातं) आपोआप लावतं.

जुनंपाकीट
त्यापेक्षा भारतात एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांची मुदत ठेव) करा. व्याज करमुक्त, आणि पैसा वयाच्या साठीपर्यंत अडकत नाही.

चहाबाज
करमुक्त भारतात. इथल्या टॅक्स रेसिडेंटला ते व्याज इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं.

जुनंपाकीट
टेम्पररी व्हिसावाल्यांना नाही.

चहाबाज
मान्य. पण ती सूट पीआर (कायम रहिवासाचा परवाना) झाल्यावर संपते.

यारा_काठ
तारखेचं कुणीच बोललं नाही. पैसे फंडाकडे पोचले ती तारीख धरतात, तुम्ही पाठवले ती नाही. ३० जूनला मंगळवार आहे. २० तारखेच्या आत बी-पे (बँकेतून बिल भरण्याची सोय) करा. बिलर कोड आणि रेफरन्स पर्सनल काँट्रिब्यूशनचाच घ्या, स्पाउसचा वेगळा असतो.
एम्प्लॉयरचे १५,६०० ही असेच तपासा. गेल्या एप्रिल-जूनचा हप्ता जुलै २०२५ मध्ये जमा झाला असेल तर तो यंदाच्या कॅपमध्ये मोजला जातो. यंदाचा शेवटचा हप्ताही जूनमध्येच आला तर एका वर्षात पाच हप्ते पडतात, आणि १४,४०० चा आकडा खाली येतो. फंडाच्या ॲपमध्ये जमा तारखा बघून बेरीज करा, पगाराच्या स्लिपवरून नको.

पार्रामाटाकर
मी तरी ३०,८५० च म्हणेन. आणि नोटिस विसरू नका.

मेलबर्नकर
सर्वांचे आभार. चहाबाज यांच्या क्रमाच्या मुद्द्याने निर्णय झाला. यंदाची शिल्लक जून २०३१ पर्यंत वापरता येते, मग १४,४०० ची घाई नाही. आणि घाई फक्त ५,६०० साठी करायची तर आधी ते १४,४०० अडकवावे लागतात. म्हणून ५,००० सुपरमध्ये, १५,००० ऑफसेटला (गृहकर्जाला जोडलेलं खातं, त्यातल्या रकमेइतक्या कर्जावर व्याज लागत नाही). तिथे वाचलेल्या व्याजावर टॅक्स नाही आणि पैसे कधीही काढता येतात. २०२०-२१ सोडून देतोय.

यारा_काठ
ऑफसेट ठीक, फक्त ५ लाखांची अट दरवर्षी बघा. आधीच्या ३० जूनला सगळ्या फंडांची मिळून शिल्लक ५,००,००० च्या खाली असेल तरच त्या वर्षी जुनी कॅप वापरता येते. बाजार वर गेला तर २०३१ च्या आतच दार बंद होईल. आणि ५,००० ची सुद्धा नोटिस द्यावी लागते.