एएएसची ज्योत पेटत नाही, ट्रॅपचा सेन्सर बायपास करायला सांगताहेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमचं एएएस (द्रावण ज्योतीत फवारून त्यातले धातू मोजणारं यंत्र) हवा आणि अ‍ॅसिटिलीन वायूवर चालतं, डीटीपीए (मातीतले धातू विरघळवून घेणारं रसायन) अर्कातून जस्त, लोह, मँगनीज, तांबं काढतो. सध्या पेरणीआधीचे नमुने ढिगाने आलेत आणि मशीन बंद आहे.

सुरुवात अशी झाली. जस्ताचं १ पीपीएमचं स्टँडर्ड सकाळी नीट यायचं, पण तीस-चाळीस नमुने झाले की उतरायला लागायचं. काचेतून पाहिलं तर बर्नरवरची ज्योत सलग नव्हती, करवतीच्या दात्यांसारखी दोन ठिकाणी तुटलेली. फटीच्या कडेला पांढरट खपली धरलीय. डीटीपीएच्या द्रावणात कॅल्शियम क्लोराइड असतं, त्याचीच असावी. मातीतलं जस्त ०.६ पीपीएमच्या खाली गेलं की आम्ही कमतरता लिहितो, त्यामुळे रीडिंग खोटं उतरलं तर शेतकरी विनाकारण झिंक सल्फेटला पैसे घालेल.

मग बुधवारी ज्योत बंद करताना आतून ‘फट्’ असा आवाज आला. दुसऱ्या दिवशी मशीन पेटायलाच तयार नाही, ट्रॅपचा (निचऱ्याच्या वाटेवरचं, गॅस अडवणारं पाण्याचं भांडं) लाल दिवा. उघडून बघितलं तर ट्रॅपमधलं पाणी अर्ध्याखाली, आणि निचऱ्याच्या नळीचं टोक कॅनमधल्या सांडपाण्यात बुडालेलं. नळी वर घेतली, ट्रॅप डिस्टिल्ड पाण्याने भरला, तरी दिवा जात नाही. पाण्याची पातळी सेन्सरला कळवणारा फ्लोट चिकटलाय असं वाटतं.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर म्हणाले, “मॅडम, सेन्सरच्या दोन वायरी जोडून टाका, पेटेल.” मी नाही जोडल्या. ट्रॅपमध्ये पाणी नसेल तर अ‍ॅसिटिलीन निचऱ्यातून सरळ खोलीत येणार, आणि तो आवाज फ्लॅशबॅकचा (ज्योत उलटी आत शिरण्याचा) असेल तर पुढच्या वेळी स्प्रे चेंबरच (बर्नरखालचा, नमुना आणि गॅस मिसळणारा कप्पा) उडायचा. सिलिंडर बंद करून ठेवलाय, एक्झॉस्ट चालू आहे.

आणखी एक. सिलिंडरच्या दाबाचा काटा ५ किलोवर (दर चौरस सेंमीला) आलाय. सर म्हणतात संपेपर्यंत वापरा. पण अ‍ॅसिटिलीन आत अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला असतो, दाब उतरला की अ‍ॅसिटोनही नळीत ओढलं जातं. मी नवा मागवते आहे, चूक नाही ना?

आता विचारायचं ते. फ्लोट काढून साफ केलाय का कुणी? नुसत्या साबणाच्या पाण्याने भागतं का? बर्नर थंड झाल्यावर काढून फट जाड कार्डाने साफ करणार आहे. लॅबमधला एक जण ब्लेड फिरवा म्हणतो, पण फट थोडी जरी रुंद झाली तरी वायूचा वेग कमी होऊन ज्योत आत शिरेल ही भीती आहे. चेंबरच्या मागचा प्रेशर रिलीफ प्लग (दाब वाढला तर सुटणारं बूच) आणि त्याची ओ-रिंग आवाजानंतर बदलायलाच हवी का, की कडक झाली नसेल तर चालते? आणि सगळं परत जोडल्यावर पेटवण्याआधी गॅसची गळती साबणाच्या फेसाने कुठे कुठे तपासता?

सेन्सर बायपास करून चालवा असं कृपया सांगू नका.