टॉवेलचा कारखाना बंद केला. आता देणी, जामीन आणि आईच्या घराचं काय?

आठ_साचे

नमस्कार. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टॉवेलचे आठ साचे, म्हणजे यंत्रमाग होते. वडिलांनी चारावर सुरू केलं, मी आठ केले. २०२२ ला सूत भडकलं, तेव्हा जुन्या दरात घेतलेल्या ऑर्डरी पुऱ्या करताना पहिला खड्डा पडला. पुढे मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं साडेसहा लाखांचा माल उचलला आणि पैसे अडकवले. यंदा जानेवारीत गड्ड्याची यात्रा झाली आणि कुलूप लावलं.

बँकेचं मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट मिळून १४ लाख आहेत, तारण म्हणून साचे आणि आईच्या नावचं घर. पतसंस्थेचे ४ लाख, जामीनदार माझे दाजी. सूत व्यापाऱ्याचे ३ लाख ८० हजार. त्यांना दिलेला चेक वटला नाही, वकिलाची नोटीस सोमवारी हातात पडली, आज गुरुवार. शिवाय एका खासगी माणसाचे २ लाख, महिना ५ टक्क्यांनी. त्याच्याकडे माझा सही केलेला कोरा चेक आहे. कामगारांचे पैसे दिले, पण कांडी भरणाऱ्या दोन बायकांचा बोनस राहिलाय, तो रोज आठवतो. बँकेचीही ६० दिवसांची नोटीस आलीय, तिला १९ दिवस झाले.

खासगीवाला रोज सकाळी दारासमोर गाडी लावून बसतो. आईला ते बघवत नाही. म्हणून साचे भंगारात काढून आधी त्याचं मिटवावं असं मनात आहे, भंगारवाला किलोवर घ्यायला तयार आहे. फर्म प्रोप्रायटरशिप, माझ्या एकट्याच्या नावावर. मला जेल होईल का? घर जाईल का? मुलगा बारावीला आहे, त्याच्या डोक्यावर हे येईल का? दाजींना अजून काही सांगितलेलं नाही.

पूर्वभागातला_चादरवाला

भाऊ, भंगारवाल्याला आधी नाही म्हणा. साचे बँकेकडे तारण आहेत. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय विकले तर ते फसवणुकीच्या गुन्ह्यात जाऊ शकतं, आणि मग बँक तुमचं काही ऐकून घेणार नाही. परवानगी घेऊन विका, पैसे थेट कर्जखात्यात भरा. चालू साच्याला किलोपेक्षा बरा भाव येतो, शेजारच्या कारखानदारांना विचारून बघा.

माझे साचे २०१६ ला बंद झाले. तेव्हा मी पोस्टमनला "घरी नाहीत" सांगायला लावून रजिस्टर पाकीट तीनदा परत पाठवलं. पाकीट घेतलंच नाही तर पुढचं सुरू कसं होईल, असं वाटायचं. पत्ता बरोबर असला की नाकारलेलं पाकीटही पोचलं असंच कोर्ट धरतं. ते चेकच्या नोटिशीचं पाकीट होतं. माझे १५ दिवस पोस्टातच संपले आणि पुढे चार वर्षं मी तारखांना जात राहिलो. तुम्ही पाकीट घेतलंत, हे फार बरं केलंत.

म्हणून आधी चेक बघा. कलम १३८ प्रमाणे नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण रक्कम दिली तर खटला उभाच राहत नाही. तुमच्याकडे १२ दिवस आहेत. रक्कम जमत नसेल तर सूत व्यापाऱ्यांकडे स्वतः जा, फोनवर नको. काही रोख आणि बाकीचे हप्ते असं लेखी ठरवा, आणि नोटीस मागे घेतल्याचं त्याच कागदावर येऊ द्या. नाही ठरलं तर त्यांना पुढे एक महिन्यात तक्रार दाखल करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हा गुन्हा तडजोडीचा आहे, खटला चालू असतानाही मिटतो.

नुसतं देणं फिटत नाही म्हणून जेल नाही. मात्र प्रोप्रायटरशिपमध्ये फर्म आणि तुम्ही कायद्याला एकच, त्यामुळे तुमच्या नावावरची मालमत्ता देण्यात धरली जाते. मुलानं कुठं सही केली नसेल तर त्याच्यावर काही येत नाही. पुढे वारसा म्हणून तुमचं जे त्याच्याकडे जाईल, तेवढ्यापुरतंच.

घराचं ६० दिवसांच्या आत बघा. ती नोटीस सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची. तिला लेखी उत्तर द्या, बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. त्यासोबतच एकरकमी तडजोडीचा प्रस्तावही द्या. मुदत उलटली की ताब्याची कारवाई सुरू होते, आणि त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. पण तिथे खर्च आणि धावपळ दोन्ही. आत्ताच बोला.

वसुलीत_होतो

एका पतसंस्थेत अकरा वर्षं वसुलीचं काम केलं, म्हणून दाजींबद्दल लिहितो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी तुमच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं ते म्हणू शकत नाहीत. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो तो दोघांच्या नावानं. दाजी पगारदार असतील आणि कर्जाच्या वेळी पगारकपातीचं संमतिपत्र दिलेलं असेल, तर पत्र थेट त्यांच्या ऑफिसात जातं.

अशी पत्रं मी स्वतः नेऊन दिली आहेत. साहेबासमोर, सहकाऱ्यांसमोर तो माणूस पत्र वाचतो आणि त्याला तेव्हा कळतं की पाहुण्यानं हप्ते थकवलेत. पैशापेक्षा ते जास्त लागतं. मी पाहिलेली घरं त्या दिवसापासून एकमेकांकडे जायची थांबली. दाखला निघण्याआधी तुम्ही स्वतः जा आणि सगळे आकडे सांगा. त्यांनी भरलं तर ते तुमच्याकडून वसूल करायचा हक्क त्यांना कायद्यानंच आहे, तो लेखी मान्य करून द्या. मग दोघं मिळून संस्थेत जा.

साखरपेठेतली

आमचा युनिफॉर्म शिवायचा कारखाना होता, त्यामुळे दारात बसणारा माणूस मला माहीत आहे. दादा, सावकारीला परवाना लागतो. व्यवसायाच्या कर्जाला परवानाधारक सावकारालासुद्धा तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के एवढीच मर्यादा आहे. तुम्ही वर्षाला ६० देताय. परवाना नसेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार द्या, कोऱ्या चेकचा नंबर त्यात लिहा. आम्ही दिली, त्यानंतर आमच्या दारातली गाडी हलली.

घर आईंच्या नावावर आहे ना? महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बँकेच्या नोटिशीचं उत्तर आईंच्या वतीनंही जाऊ द्या. जीएसटी नंबरही रद्द करा, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र भरा. आम्ही ते विसरलो आणि विलंब शुल्क वाढत गेलं.

वहिनींना सगळं सांगा. मला सगळ्यात शेवटी कळलं होतं.

आठ_साचे

काल रात्री बायकोला सांगितलं, मग दोघं दाजींकडे गेलो. ताई चहा ठेवायला उठली ती बराच वेळ आतच होती. दाजींनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "कागद दाखव." रात्री अकरापर्यंत एकेक कागद वाचत होते. संमतिपत्रावर त्यांची सही आहे. उद्या सकाळी आम्ही दोघं पतसंस्थेत जातोय.

सूत व्यापाऱ्यांनी रविवारी बोलावलंय. बायको तिच्या पाटल्या मोडायच्या म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही.

चादरवाले अण्णा, बँकेला साचे विकायची परवानगी मागायचीय. नोटिशीच्या उत्तरातच लिहू की वेगळा अर्ज करू?

पूर्वभागातला_चादरवाला

वेगळा. दोन्हीवर सही-शिक्क्याची पोच घ्या.