समोरचा खोटे बोलतो आहे हे हावभावांवरून ओळखायला शिकता येते का?

प्रश्न : गोदाम व्यवस्थापक, वाडी

मी नागपुरात वाडीच्या एका गोदामात व्यवस्थापक आहे. रोज पंधरा-वीस गाड्या खाली होतात, त्यामुळे तितक्याच चालकांशी, शिवाय हमालांशी आणि माल पाठवणाऱ्यांच्या माणसांशी बोलणे होते. त्यांतला कोणी ना कोणी काहीतरी लपवत असतो, असे नऊ वर्षांच्या नोकरीत माझे मत झाले आहे. मागच्या वर्षी मी देहबोलीवरच्या दोन दिवसांच्या एका शिबिराला गेलो. नजर चुकवणे, नाकाला हात लावणे, पाय हलवत राहणे, घाम येणे, डोळे वर उजवीकडे जाणे ही खोटेपणाची लक्षणे म्हणून तिथे शिकवली गेली आणि त्यांची छापील यादीही मिळाली.

या मे महिन्यात खाद्यतेलाची एक गाडी आली आणि मोजणीत तीन पेट्या कमी भरल्या. चालक जेमतेम पंचविशीचा होता. विचारपूस सुरू झाल्यापासून त्याने एकदाही वर पाहिले नाही, तो घामाने निथळत होता आणि वाक्ये अर्धवट सोडत होता. यादीशी लक्षणे जुळली म्हणून मी सगळ्या हमालांसमोर त्याला चोर म्हटले आणि त्याच्या मालकाला सांगून भाड्यातून रक्कम कापून घेतली. आठवड्याने माल पाठवणाऱ्यांचा निरोप आला, की गाडी भरतानाच मोजणी चुकली होती आणि त्या तीन पेट्या त्यांच्याच गोदामात राहिल्या होत्या. रक्कम परत केली, परंतु तो मुलगा आमच्याकडे पुन्हा आलेला नाही.

माझे शिकणे अपुरे पडले, की शिकवलेलेच चुकीचे होते? आणि ही विद्या खरोखर असेल, तर ती कशी शिकावी?

उत्तर १ : मानसशास्त्राची अध्यापिका, धरमपेठ

शिकवलेलेच चुकीचे होते. मे महिन्यात, पत्र्याच्या गोदामात, नागपूरच्या उन्हातून गाडी चालवत आलेल्या माणसाच्या घामाला पुरावा मानणारी यादी कोणी छापली असेल, याचे मला खरोखर कुतूहल वाटते.

या विषयावर भरपूर संशोधन झाले आहे आणि ते आपल्या आत्मविश्वासाला फारसे मानवणारे नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये अशा शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. त्या प्रयोगांत चोवीस हजारांहून अधिक लोकांनी समोरच्याचे बोलणे खरे की खोटे हे ठरवले होते आणि त्यांचे निर्णय सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आले. नाणे उडवले तरी ५० टक्के वेळा बरोबर येईलच. त्यापूर्वी २००३ मध्ये डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी खोटेपणाची मानली जाणारी १५८ लक्षणे तपासली होती. त्यांतल्या बहुतेकांचा खोटेपणाशी संबंध एक तर आढळला नाही किंवा फार क्षीण आढळला. डोळे कोणत्या दिशेला जातात यावरून खोटे ओळखता येते, हा दावाही २०१२ मध्ये रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी तपासला, तेव्हा त्याला आधार मिळाला नाही.

गंमत अशी की नजर चुकवणारा खोटे बोलतो, ही समजूत जगभर आहे. ५८ देशांत लोकांना खोटारडा कसा ओळखता असे विचारले, तेव्हा सर्वांत जास्त मिळालेले उत्तर हेच होते. आपल्याकडे तर वडीलधाऱ्यांपुढे आणि साहेबापुढे नजर खाली ठेवणे हे वळण मानले जाते. घरात ज्याबद्दल त्या मुलाचे कौतुक झाले असेल, त्याच गोष्टीवरून गोदामात तो चोर ठरला. ताण खोटे बोलणाऱ्याला येतो, तसाच आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही अशी धास्ती घेतलेल्या खऱ्या माणसालाही येतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

उत्तर २ : कापड व्यापारी, इतवारी

अध्यापिकाबाईंचे म्हणणे मान्य करूनही मला थोडा वेगळा अनुभव सांगावासा वाटतो. तीस वर्षे गादीवर बसल्यानंतर गिऱ्हाईक थान उलगडताना बोटांनी पोत कसा चाचपते, भाव ऐकून सोबतच्या बाईकडे कसे पाहते, यावरून ते घेणार की नुसतेच पाहून जाणार, हे मला बऱ्याचदा कळते. मात्र ही माणसाची ओढ ओळखण्याची गोष्ट झाली. उधारी मागायला आलेल्या माणसाचे खोटे मला तोंडावरून कधीच ओळखता आलेले नाही, आणि माझी सर्वांत मोठी रक्कम बुडवणारा गृहस्थ थेट माझ्या डोळ्यांत पाहून बोलत असे.

उत्तर ३ : निवृत्त लेखापरीक्षक, मनीषनगर

व्यवस्थापक साहेब, चौतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. त्या काळात जे काही खोटे पकडले ते चेहरा पाहून नव्हे, तर प्रश्नांचा क्रम पाळल्यामुळे पकडले. तुमच्या प्रसंगात माझ्या मते चूक यादीच्याही आधी झाली. तूट कुठे पडली हे ठरण्यापूर्वीच ती चालकाकडून पडली, असे तुम्ही गृहीत धरले. पेट्या भरताना कमी गेल्या, वाटेत गेल्या की उतरवताना मोजणी चुकली, या तीन शक्यतांपैकी चालकाशी संबंध फक्त मधल्या शक्यतेचा होता, आणि उरलेल्या दोन एका फोनने व एका फेरमोजणीने तपासता आल्या असत्या.

त्यानंतरही चालकाशी बोलायचेच असेल, तर हातातले कागद आधी दाखवू नयेत. बिल्टी, धरमकाट्याची पावती, फास्टॅगवरून कळणाऱ्या टोलच्या वेळा हे सारे स्वतः वाचून बाजूला ठेवावे आणि त्याला म्हणावे, की भाऊ, गाडी भरल्यापासून इथे लागेपर्यंत काय काय झाले ते सगळे सांग. मध्ये तोडू नये. तो कुठे थांबला, कोणासोबत जेवला, ताडपत्री कधी सोडली, हे त्याच्या तोंडून आल्यानंतरच कागद काढावेत. आधी कागद पुढे केले, तर खोटे बोलणारा त्यांच्याशी जुळेल अशी गोष्ट रचतो. आधी ऐकून घेतले, तर तो जी जागा गाळतो किंवा नाकारतो, तीच कागदावर उभी राहते. स्वीडनमध्ये मारिया हार्टविग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पोलीस प्रशिक्षणार्थींवर याच पद्धतीचा प्रयोग केला होता. पुरावा राखून प्रश्न कसे विचारायचे हे शिकलेल्यांचे निर्णय सुमारे ८५ टक्के बरोबर आले, तर न शिकलेल्यांचे सुमारे ५६ टक्के. शिकता येण्याजोगी विद्या आहे ती ही.

दुसरी गोष्ट म्हणजे अनपेक्षित प्रश्न. ‘माल कमी का आला?’ याचे उत्तर प्रत्येक जण तयार ठेवून येतो, पण ‘ढाब्यावर गाडी कोणत्या बाजूला उभी केली होती आणि तुम्ही बसलात तिथून ती दिसत होती का?’ याची तयारी कोणी करत नाही. जो तिथे होता त्याला ते आठवते, किंवा लक्षात नाही असे तो सरळ सांगतो. जो तिथे नव्हता त्याला ते जागेवर रचावे लागते. ॲल्डर्ट व्राय या संशोधकाने घटना शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावण्याचीही युक्ती अभ्यासली आहे, कारण रचलेली गोष्ट उलटी सांगताना डोक्यावर अधिक भार पडतो. पण रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसावर मी ती वापरणार नाही. थकलेला प्रामाणिक माणूसही त्यात अडखळेल आणि आपण पुन्हा तिथेच येऊ.

एक राहिले. चोर तुम्ही हमालांसमोर म्हटलेत, तेव्हा ते मागेही हमालांसमोरच घ्यायला हवे. फोनवरची दिलगिरी त्याला पुरणार नाही.

उत्तर ४ : वकील, सिव्हिल लाइन्स

थोडी कायद्याची बाजू मांडतो. साक्षीदाराच्या वर्तनाची दखल न्यायालयही घेते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १२ नुसार न्यायाधीशांना साक्षीच्या वेळच्या वर्तनाविषयी महत्त्वाची वाटणारी टिपणी नोंदवता येते. तरीही केवळ साक्षीदार चुळबुळत होता एवढ्यावर निकाल दिलेला मी पाहिलेला नाही. उलटतपासणीत विसंगती दाखवावीच लागते. आणि कोणी गोदामात खोटे पकडण्याचे यंत्र आणण्याचा सल्ला दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात दिलेला निकाल लक्षात असू द्यावा. संमतीशिवाय अशी चाचणी कोणावरही लादता येत नाही, ती गुन्ह्याच्या तपासातसुद्धा नाही. मग नोकरी-व्यवहारातल्या तुटीसाठी कुठून?

प्रश्नकर्त्याचे पुन्हा

सर्वांचे आभार. लेखापरीक्षक काकांच्या सांगण्यावरून त्या चालकाच्या मालकाला फोन केला. मुलगा सध्या रायपूरच्या फेऱ्या करतो. वाडीत आला की मला कळवतो म्हणाले. हमालांच्या मुकादमाला मी आधीच सांगून ठेवले आहे.

दरम्यान गेल्या आठवड्यात इंदूरहून एक गाडी सहा तास उशिरा आली. चालक म्हणाला, मुलताईच्या अलीकडे टायर पंक्चर झाला. टोलच्या वेळा मी आधीच पाहून ठेवल्या होत्या, त्या बोललो नाही. कोणता टायर, जॅक स्वतःचा होता की मागून आणला, पंक्चर काढणाऱ्याने किती घेतले, असे विचारत गेलो. त्याने खाली पाहतच, पण न अडखळता सांगितले आणि एका प्रश्नाला ‘ध्यानात नाही जी’ म्हणाला. नंतर स्टेपनी पाहिली तर ठिगळ ताजे होते, आणि टोलच्या दोन वेळांमधले अंतरही त्याच्या सांगण्याशी जुळले.

आमच्या आवक नोंदवहीत ‘शेरा’ नावाचा एक रकाना आहे आणि त्यात माझ्याच अक्षरात ‘चालक संशयास्पद’ असे कितीतरी ठिकाणी लिहिलेले सापडले. नव्या वहीत तो रकाना काढून ‘चालकाचे म्हणणे’ आणि ‘टोल व काट्याची वेळ’ असे दोन रकाने आखून घेतले आहेत. पहिला आधी भरायचा, असे लिपिकाला सांगितले आहे.