मदत हवी: रकमेला फिल्टर लावला अन् पट्ट्यांची यादी अडकायलीय

मोंढा_कोडर (लातूर): लवकर सांगा कुणीतरी, उद्या सौदा निघायच्या आत पाहिजे. मोंढ्यातल्या (बाजार समितीतल्या) एका आडत दुकानाचं सॉफ्टवेअर माझ्याकडं आहे, पट्ट्यांच्या (शेतकऱ्याला मालाचा हिशोब देणाऱ्या पावत्यांच्या) यादीत रकमेला लाख-हजाराचे कॉमा पाहिजेत म्हणून फिल्टर (आकडा दाखवताना त्याचं रूप बदलणारा कोड) लावला, तेव्हापासून शोधायच्या चौकटीत शेतकऱ्याचं नाव टाईप करायलो की एकेक अक्षर थांबून थांबून उमटायलंय, मुनीमजी सारखे फोन करायलेत. फिल्टर काढला की नीट चालतंय.

तेरणाकाठ: कशात आहे ते तर सांगा. जँगो? लारावेल? ओळी किती?

मोंढा_कोडर: अँग्युलरजेएस, वेबपेज बनवायचं फ्रेमवर्क, जुनंच. हंगामाच्या १८०० पट्ट्या, सगळ्या एकाच पानावर. वजन, भाव, एकूण, हमाली, तोलाई, निव्वळ, सहाही आकड्यांना लावलाय.

संभाजीनगरचा_देव: अँग्युलरजेएसचा सपोर्ट २०२१ सोबतच संपला. रिअ‍ॅक्टमधे घ्या सगळं. मी आमच्या क्लासचं सॉफ्टवेअर दोन महिन्यात आणलं, परत मागं बघितलं नाही.

तेरणाकाठ: त्यांना उद्या सकाळी पाहिजे ओ.

परभणीकर: एक्सेलमधे लाखाचे कॉमा येत नसतील तर कंट्रोल पॅनलमधे रीजन, तिथं अ‍ॅडिशनल सेटिंग्ज, मग डिजिट ग्रुपिंग बदला. माझं त्यानंच झालं.

गोदाकाठ: दोन कोलन लावा आकड्याच्या आधी. वन-टाईम बाइंडिंग, एकदा छापलं की परत बघतच नाही ते. १.३ पासून आहे.

तेरणाकाठ: दोन कोलन नको. हमाली दुरुस्त केली तर पडद्यावर जुनाच आकडा राहील अन् शेतकरी समोर उभा असतोय.

गोदाकाठ: पट्टी एकदा फाडली की कोण बदलतंय? आमच्या नांदेडला तर नाही बदलत.

मोंढा_कोडर: आमच्याकडं बदलतेत. वजनात फरक निघाला की लगेच.

तेरणाकाठ: व्हर्जन कोणतं? १.३ च्या पुढं साधा आकडा बदलला नसेल तर फिल्टर परत चालतच नाही, म्हणून तुमचं काहीतरी वेगळं आहे. टेम्प्लेटातली ओळ जशीच्या तशी लिहा.

मोंढा_कोडर: १.८. मधे फिल्टरची उभी रेघ वगैरे नाही, कंसात रक्कम देऊन कंट्रोलरमधलं रुपये नावाचं फंक्शन बोलवलंय. त्यात न्यू इंटल नंबरफॉरमॅट (आकड्याला कॉमा लावणारा फॉरमॅटर), लोकेल म्हणजे भाषेची सेटिंग मराठी. फिल्टर म्हणजे फंक्शनच की.

तेरणाकाठ: तिथंच गोम आहे. तो फिल्टर नाही, साधं फंक्शन आहे, ते दर डायजेस्टला (काही बदललं का म्हणून अँग्युलर सगळं पान तपासतंय तेव्हा) चालतंय. १८०० गुणिले ६ म्हणजे १०,८००, एका अक्षराला निदान दोन फेऱ्या, पूर्ण यादी उघडी असेल तर २१,६०० वेळा, अन् दरवेळी नवीन फॉरमॅटर बनायलाय, जे सगळ्यात महाग काम आहे. खराखुरा फिल्टर लिहा, फॉरमॅटर बाहेर एकदाच बनवा, आत फक्त फॉरमॅट करा. शोधाच्या चौकटीला ३०० मिलिसेकंदाचा डिबाउन्स द्या, म्हणजे टाईप करायचं थांबल्यावरच शोध चालंल. यादीवर आधी नावाचा फिल्टर, मग ऑर्डरबाय (क्रम लावणारा), उलटं असेल तर १८०० ओळी उगाच लावत बसतंय.

गोदाकाठ: अन् लोकेल इंग्रजी-भारत ठेवा. मराठीत आकडे देवनागरी येतेत, मुनीमजींनी ते एक्सेलमधे चिकटवले की बेरीजच होईना, आमच्याकडं झालंय हे. कॉमा दोन्हीत लाखाचेच पडतेत.

परभणीकर: सोयाबीनला काय भाव निघालाय लातूरला? २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ होता म्हणे, इकडं कुणी देईना.

मोंढा_कोडर: झालं, आता टाईप करताना कुठंच अडकत नाही. लोकेल पण बदलला. पण मालक म्हणायलेत पडद्यावर मराठी आकडेच पाहिजेत, फक्त एक्सेलमधे इंग्रजी. तर फिल्टर दोन करू का एकालाच लोकेल देऊ?

तेरणाकाठ: एकच पुरे, पडद्यासाठी मराठी लोकेलचा. एक्सेलला तर मूळ आकडाच पाठवा, कॉमाशिवाय.