घंटा झाली की घरात

कुणीतरी म्हटलंय की दादरचं जुनं पोर्तुगीज चर्च पाडलं आणि मागे फक्त नाव राहिलं. तेवढं तरी राहिलं! कंडक्टर आजही ‘पोर्तुगीज चर्च’ असंच ओरडतो, साल्वासांव हे चर्चचं खरं नाव म्हणालात तर दोघं-तिघं वळून बघतील.

माझी आई गोखले रोडवरच्या चाळीत वाढली. खेळायला बाहेर पडताना आजीचा एकच दम असायचा, ‘घंटा झाली की घरात.’ चर्चची घंटा ऐकू यायची, घड्याळ बघायची गरजच नव्हती. नाताळात शेजारची मावशी कोऱ्या कंगव्यावर कुलकुल, म्हणजे नाताळातला एक तळलेला गोड पदार्थ, वळायची. आईचं काम पिठाच्या गोळ्या करून देणं आणि मधेच एखादी कच्चीच तोंडात टाकणं.

आता जी वास्तू आहे ती वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी बांधलेली, १९७०च्या दशकातली. काँक्रीटचे घुमट, मधे मोकळी अंगणं, चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी रंगवलेल्या काचा. मला आवडते, खरं सांगते. भर दुपारीसुद्धा आत गार वाटतं. आईला मात्र अजून पटलेली नाही. एकदा मुद्दाम आत घेऊन गेले, तर वर बघत म्हणाली, ‘छान आहे गं. पण घंटा कुठंय?’