दहा-बारा वर्षांच्या मुलांना आधी पूमसे की आधी फाइट?

प्रशिक्षक, शाहूपुरी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की तायक्वांदोच्या वर्गात नवी मुले येतात आणि पहिल्याच आठवड्यात पालक विचारू लागतात, "सर, फाइट कधी शिकवणार?" कोल्हापूरकरांनी हा प्रश्न विचारावा यात नवल नाही, ज्या गावात खासबागेचे कुस्तीचे मैदान भरलेले पाहत माणसे लहानाची मोठी झाली, तिथे समोरासमोर झुंज झाल्याशिवाय खेळाला खेळ म्हणायचे नाही, अशीच रीत आहे. तरीही माझे मत मी स्पष्टपणे मांडतो. हिरवा पट्टा मिळेपर्यंत आणि वयाची बारा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलांना मोकळ्या लढतीत उतरवू नये. तोवर पूमसे (एकट्याने करायचा ठरलेल्या हालचालींचा क्रम), पॅडवरच्या किक आणि जोडीदारासोबतचा ठरावीक सराव एवढेच पुरेसे आहे.

पूमसे म्हणजे पाठ केलेला नाच, असा एक समज आहे. तेगुक नावाच्या आठ पूमसेंपैकी पहिले, म्हणजे इल जांग, घ्या. त्यात अठरा हालचाली आहेत आणि बहुतेक साध्या चालीच्या पवित्र्यातल्या आहेत. मूल डावीकडे वळून आरे माक्की, म्हणजे हाताने खालचा बचाव, करते आणि उजवे पाऊल पुढे टाकून उजव्या हाताने ठोसा मारते. एवढ्या दोन हालचालींत त्याचे सगळे दोष दिसून येतात. पाऊल टेकण्याआधीच हात सुटतो, खांदा पुढे झुकतो, दुसरी मूठ कमरेपर्यंत न येता पोटापाशीच घुटमळते आणि नजर समोर असण्याऐवजी स्वतःच्या पायांकडे असते. शरीराचा तोल आणि हात-पायांचा मेळ ज्याला अजून साधलेला नाही, त्याच्या अंगावर होगू (धडाचे संरक्षक कवच) चढवून त्याला मॅटवर सोडले, तर तो तायक्वांदो खेळत नाही, केवळ लाथाबुक्क्या करतो. त्या वयात लागलेल्या वाईट सवयी पुढे काढता काढता प्रशिक्षकाच्या नाकी नऊ येतात.

माजी खेळाडू, मंगळवार पेठ

सरांचा अनुभव मान्य करूनही त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत होऊ शकत नाही. पूमसे आधी शिकल्याने लढत चांगली होते, हे गृहीतकच तपासून पाहायला हवे. लढतीत सर्वांत जास्त वापरली जाणारी किक म्हणजे दोल्यो चागी, म्हणजे कंबर वळवून मारायची गोल किक. तेगुकच्या आठ पूमसेंमध्ये ती पहिल्यांदा येते ती सहाव्या, म्हणजे यूक जांगमध्ये. पहिल्या तीन पूमसेंमध्ये समोर मारायच्या आप चागीशिवाय दुसरी किकच नाही, आणि बाजूला मारायच्या यॉप चागीसाठी चौथ्यापर्यंत थांबावे लागते. म्हणजे पूमसेच्या क्रमाने निघालेल्या मुलाला मॅटवर लागणारी मुख्य किक त्याच्या पूमसेत कित्येक पट्ट्यांनंतर भेटते. वर्गात ती पॅडवर आधीच शिकवतात हे खरे, पण मग ते श्रेय पॅडच्या सरावाचे आहे, पूमसेचे नाही.

पवित्र्याचेही तेच आहे. आप कुबी या पूमसेतल्या लांब पवित्र्यात पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताणून उभा राहिलेला खेळाडू लढतीत पुढची किक उचलणार तरी कशी? मूठ कमरेला नेण्याची सवय लागलेल्या मुलाचा चेहरा उघडा पडतो. ज्या सवयी काढताना नाकी नऊ येतात असे सर म्हणतात, त्यांपैकी काही सवयी आपण पूमसेतूनच लावलेल्या असतात, हेही मान्य करायला हवे.

आता शालेय स्पर्धांचा विचार करा. तिथे चौदा वर्षांखालचा गट आहे, वजनगट आहेत, आणि समोर कोण येईल हे सोडतीवर ठरते. ज्या मुलाने वर्गात होगूवर एकही खरी किक घेतलेली नाही, ते पहिला फटका बसताच पाठ फिरवते किंवा मॅटच्या सीमेबाहेर जाते. सीमेबाहेर जाणे आणि खाली पडणे या दोन्हींबद्दल गाम-जॉम हा दंड मिळतो, म्हणजे एक गुण प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा. असे दोन-तीन वेळा झाले की मूल घाबरते आणि पुढच्या वर्षी क्रिकेटच्या मैदानावर दिसते. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण त्याला तयारीशिवाय पुढे ढकलले, हे त्याच्या पालकांना कोण सांगणार?

तालमीतला, गंगावेस

मी तायक्वांदो खेळलेलो नाही, परंतु कुस्तीतले सांगतो. तालमीत पोरगा आला की वस्ताद त्याला आधी आखाडा खणायला लावतात, जोर-बैठका काढून घेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याने एकट्याने हवेत वर्षभर ढाक हा डाव मारत बसावे आणि मग कुस्ती धरावी, असे कोणी सांगत नाही. डाव शिकायचा तो अंगावरच. मोठा पैलवान लहानग्याला पट काढू, म्हणजे पाय धरून पाडू, देतो, थोडा प्रतिकार करतो, परत काढू देतो. पहाटेच्या जोरात, म्हणजे सरावाच्या कुस्तीत, बारका पोरगाही कुणाच्या ना कुणाच्या अंगाला लागलेलाच असतो, मात्र त्याची जोड वस्ताद ठरवतात, पोरगा नव्हे आणि त्याचा बापही नव्हे. माझ्या मते पूमसे की फाइट यापेक्षा तुमच्याकडे जोड कोण लावतो आणि मोठ्या मुलांना लहानांशी आवरून खेळायला कोण शिकवतो, हे विचारायला हवे.

आणखी एक. आमच्याकडे मातीतल्या पैलवानाला मॅटवर उतरवताना हीच वादावादी झालेली आहे. तेव्हाही जुन्यांचे म्हणणे होते की मातीत घडल्याशिवाय ताकद येत नाही आणि नव्यांचे म्हणणे होते की गुण मॅटवर मिळतात. दोघांचेही खरे होते, म्हणून तो वाद अजून मिटलेला नाही.

एक आई, राजारामपुरी

वरच्या तिन्ही प्रतिसादांत पूमसेकडे फाइटची पूर्वतयारी म्हणूनच पाहिले गेले आहे, याचे मला वाईट वाटते. माझ्या मुलीला लढतीत रस नाही. तिला पूमसे आवडते आणि ती त्याच्याच स्पर्धांना उतरू इच्छिते. पूमसेची स्वतंत्र जागतिक स्पर्धा २००६ पासून होते आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतही पूमसेचा समावेश होता. त्यात दहापैकी चार गुण अचूकतेला आणि सहा गुण सादरीकरणाला असतात, आणि सादरीकरणात वेग व ताकद, लय आणि ऊर्जेची अभिव्यक्ती पाहिली जाते. छोट्या चुकीला ०.१ आणि मोठ्या चुकीला ०.३ गुण वजा होतात. ज्या खेळात पाऊल जरा वाकडे पडले म्हणून पदक जाऊ शकते, त्याला फाइट येण्याआधीचा वेळ काढण्याचा प्रकार म्हणणे अन्यायाचे आहे.

आता जरा कटू बोलते. अनेक वर्गांत पूमसे शिकवले जाते ते पट्ट्याच्या परीक्षेसाठी. परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात घाईने घोटून घेतात, परीक्षा होते, पट्टा मिळतो, फोटो निघतो, आणि पुढच्या महिन्यात मुलाला आधीचे पूमसे आठवत नाही. दुसरीकडे फाइट शिकवली जाते ती स्पर्धेच्या प्रमाणपत्रासाठी, कारण दहावीला क्रीडा गुण मिळतात आणि पुढे नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असते. ही दोन्ही कारणे चुकीची नाहीत, पण मुलाला काय आवडते हे विचारायला कोणाला सवड नाही.

फिजिओ, कावळा नाका

माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तक्रारींवरून दोन-तीन गोष्टी सांगतो. वादात कोणाचीही बाजू घेण्याचा हेतू नाही.

दोल्यो चागी मारताना उभ्या पायाची टाच लक्ष्याच्या दिशेने वळली पाहिजे. मूल घाईत मारते तेव्हा उभा पाय जमिनीला चिकटून राहतो, कंबर वळते आणि मधल्या मध्ये गुडघ्यावर पीळ पडतो. ओल्या किंवा खरबरीत फरशीवर हे अधिक होते. आपल्याकडे पावसाळ्यात मैदान सोडून वर्ग शाळेच्या व्हरांड्यात किंवा मंडळाच्या हॉलमध्ये भरतात आणि जोडायच्या मॅटचे तुकडे हालचालीने सरकत राहतात. त्यांच्या फटीत बोट अडकणे ही नेहमीची दुखापत आहे. म्हणून सरावाआधी मॅटच्या कडा जुळल्या आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम मोठ्या मुलांकडे द्यावे.

हवेत किक मारताना गुडघा पूर्ण झटक्याने ताणला जातो, कारण थांबवायला काही नसते. पूमसेत हे दोष जास्त, तर लढतीत समोरच्याच्या कोपरावर आदळून पावलाची दुखणी जास्त. वाढीच्या वयात गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला दुखू लागले आणि तिथे उंचवटा जाणवला, तर "जरा सहन कर" असे न सांगता उड्या आणि किकची संख्या कमी करावी. थंड अंगाने स्प्लिट करायला लावणे आणि वरून दुसऱ्याने दाबणे हा प्रकार तर तातडीने बंद व्हायला हवा. आधी धावणे, पाय झुलवणे आणि हलक्या किक करून अंग गरम करावे, स्थिर ताण सरावानंतर द्यावा.

डोक्याला लागलेल्या फटक्याबद्दल एकच सांगतो. मूल गांगरले, चक्कर आली, उलटी झाली, डोके दुखू लागले किंवा आपण कुठे आहोत हे त्याला नीट सांगता आले नाही, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला, मग अंतिम फेरी का असेना. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय पुन्हा लढत नको. हेड गार्डमुळे बाहेरची जखम कमी होते, पण आत मेंदूला बसणारा हादरा त्याने पूर्ण थांबत नाही.

प्रशिक्षक, शाहूपुरी

प्रतिसादांबद्दल आभार. तालमीतल्या बंधूंचा मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटला, कारण मी "मोकळ्या लढतीत" उतरवू नये असे लिहिले होते, जोडीदाराशी खेळूच नये असे नाही. आमच्या वर्गात पिवळ्या पट्ट्यापासून हानबॉन क्योरुगी सुरू होते. एकाने ठरलेला एकच हल्ला करायचा, दुसऱ्याने ठरलेला बचाव आणि प्रतिहल्ला करायचा. ते जमले की हल्ला कोणता हे आधी सांगायचे नाही. त्यानंतर होगू घालून फक्त धडावर, फक्त पुढच्या पायाने आणि अर्ध्या ताकदीने अशी एक-एक मिनिटाची सराव-लढत. यात मूल अंतर शिकते, किक अंगावर घेण्याची भीती जाते आणि फटका मोजून मारण्याची सवयही लागते. जोड मी लावतो. पालक कट्ट्यावर बसून "मार, मार" म्हणू लागले, तर मी सराव थांबवतो. यावरून काही जण माझ्यावर नाराज आहेत आणि राहोत.

मंगळवार पेठेतल्या मित्रांनी यूक जांगचा दाखला दिला तो बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. किक कोणत्या पूमसेत येते यापेक्षा पूमसेतून वळणे, थांबणे आणि वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणे शिकले जाते, हे महत्त्वाचे आहे. कमरेला जाणाऱ्या मुठीचा आक्षेप मात्र वाजवी आहे. त्यावर माझा उपाय असा की पूमसे संपताच त्याच सत्रात पवित्रा बदलून, हात वर घेऊन, त्याच किक पॅडवर मारायच्या, म्हणजे दोन्हींत हात कुठे असतात याचा मुलाच्या मनात गोंधळ राहत नाही.

राजारामपुरीच्या ताईंचे बरोबर आहे. पूमसे हे पूर्ण खेळ म्हणून निवडणाऱ्या मुलाला लढतीची सक्ती असू नये. मात्र पट्ट्याच्या परीक्षेत आम्ही एक बदल करणार आहोत. साम जांगपासून, म्हणजे तिसऱ्या पूमसेपासून, पुढे परीक्षार्थ्याला आधीच्या पूमसेंपैकी कोणतेही एक चिठ्ठी उचलून करून दाखवावे लागेल. घोकंपट्टीला त्याने थोडा तरी आळा बसेल.

डोक्यावरच्या किकबाबत मी एक पाऊलही मागे घेणार नाही. बारा वर्षांखालच्या मुलांच्या सरावात ती किक असणार नाही.

माजी खेळाडू, मंगळवार पेठ

सर, शेवटच्या वाक्यावरच माझा खरा आक्षेप आहे. तुम्ही वर्णन केलेला सराव चांगला आहे, आणि असाच सराव सगळीकडे होत असता तर मी पहिला प्रतिसाद लिहिलाच नसता. पण डोक्याला धोका नाही हे मुलांना कळले की त्यांचे हात हळूहळू खाली येतात. धडावरच्या साध्या किकला दोन गुण आणि डोक्यावरच्या साध्या किकला तीन, असा हिशेब असलेल्या खेळात बाराव्या वर्षी अचानक "आता चेहरा सांभाळ" असे सांगितले, तर ती सवय लागेपर्यंत दोन हंगाम निघून जातात, आणि त्या दोन हंगामांत खऱ्या स्पर्धेत बसणारे फटके वर्गातल्या फटक्यांपेक्षा जास्त जोराचे असतात.

म्हणून माझी सूचना अशी. डोक्यावर किक मारायला मनाई न करता ती हेड गार्डच्या वीतभर अलीकडे थांबवायला शिकवा. थांबवणाऱ्याला गुण द्या, लागू देणाऱ्याचा गुण कापा, आणि ज्याचा हात वर नव्हता त्यालाही ते तिथल्या तिथे दाखवून द्या. पाय हवेत थांबवायला जो तोल लागतो, तो तुमच्या पूमसेतूनच येतो, हे मी खुल्या मनाने कबूल करतो. गुण मोजायला इलेक्ट्रॉनिक होगू लागत नाही. पंच म्हणून वरच्या पट्ट्याची दोन मुले आणि एक पाटी पुरते.

प्रशिक्षक, शाहूपुरी

थांबवलेली किक मला मान्य आहे, पण ती निळ्या पट्ट्यापासून पुढे, आणि आधी उभ्या पॅडवर. पॅडला स्पर्श न करता सलग दहा किक थांबवून दाखवल्याशिवाय कोणाच्याही चेहऱ्यासमोर पाय जाणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मोठ्या गटावर हे करून पाहतो. त्या वेळी तुम्हीही वर्गावर यावे आणि पाटी तुमच्याच हातात असावी, अशी विनंती आहे.

एक आई, राजारामपुरी

मुलीला विचारले. थांबवलेली किक असेल तर तीही येते म्हणाली, पण चिठ्ठी उचलायच्या परीक्षेत तिला दोनच पूमसे अवघड वाटतात आणि ती कोणती हे ती सरांना सांगणार नाही.